नादस्वराच्या मागे फटफटी

आमची फटफटी किती पळते असं कोणी विचारलं, की तो माणूस अप्पांच्या मनातून उतरत असे. पाहुणा म्हणून त्याला कापी म्हणजे कॉफी मिळायची, पण हात उंच धरून डबऱ्याच्या पितळी वाटीत ओतून फेस आणून द्यायची जी आमच्याकडची रीत, ती त्याच्या वाट्याला येत नसे. अप्पांना हवा असलेला प्रश्न वेगळाच होता. फटफटी किती हळू चालते, हे कोणीतरी विचारावं म्हणून ते तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून आयुष्यभर वाट पाहत राहिले आणि माझ्या आठवणीत तरी तो प्रश्न घेऊन कोणी आलं नाही. शेवटी ते आपणच सांगायचे. "पळायला काय, उतार असला तर दगडपण पळतो की," ते म्हणत. पाहुणा मान डोलवायचा आणि कापी संपवून उठायचा.

अप्पा कलेक्टर कचेरीत नोकरीला होते. तंजावरात ज्याला गाता येत नाही तो निदान दुसऱ्याच्या गाण्यातली चूक तरी काढतो, आणि अप्पा ह्या दुसऱ्या वर्गातले. गळा नव्हता, कान होता. कचेरीत त्या कानाचा काही उपयोग नव्हता आणि घरात आई कोणाकडून चुका काढून घ्यायच्या फंदात पडत नसे. अशा वेळी बदली होऊन गेलेल्या एका शेतकी अधिकाऱ्याकडून ती जुनी फटफटी आमच्याकडे आली, आणि अप्पांना हवी तशी शिष्या मिळाली. गाणं तालाच्या ज्या जागेवरून उठतं तिला आमच्याकडे एडुप्पु म्हणतात. गाणाऱ्याची योग्यता एडुप्पुवरूनच कळते, पुढचं सगळं नुसतं निभावणं, असं अप्पांचं मत होतं. फटफटीतही त्यांनी पहिल्या दिवशी एडुप्पु शोधला, आणि तो वाईट निघाला.

ज्यांनी फटफटी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. उजव्या हातातली मूठ पिळली की इंजिनाला पेट्रोल मिळतं. मूठ बंद असते तेव्हा चाकाला ओढणारी चेन सैल लोंबत असते. मूठ नखभर उघडली की इंजिन जागं होतं, चेन ताणली जाते, आणि ह्या दोन गोष्टी एकमेकींना न विचारता घडल्या की गाडी गचका मारते. भरधाव जाणाऱ्याला तो गचका जाणवतही नाही. चालत्या माणसाच्या वेगाने जाणाऱ्याला मात्र दर चार हातांवर कोणी मागून ढकलल्यासारखं वाटतं. हा गचका मुळापासून काढणं हे अप्पांनी जीविताचं कार्य ठरवलं. मुठीच्या तारेचा ढिलेपणा, चेनचा ढिलेपणा, कार्ब्युरेटरच्या बाजूचा हवेचा बारीक स्क्रू, आणि त्याच्या पोटातलं केसाएवढं भोक असलेलं पितळी जेट, ह्या चार गोष्टींत त्यांचे रविवार गेले. आमचेही गेले, हे ओघानेच आलं.

रविवारी सकाळी आई आट्टुकल्लावर, म्हणजे दगडी रगड्यावर, इडलीचं पीठ वाटायला बसे आणि अप्पा मागच्या अंगणात इंजिन चालू करून बसत. दोघांच्या घरघरीचं कधी जमलं नाही. "जरा थांब की, ऐकूं येत नाहीं," अप्पा अंगणातून म्हणायचे. आई हात थांबवायची. अप्पा स्क्रू पाव आटा फिरवायचे, मान कलती करून ऐकायचे, परत पाव आटा मागे आणायचे. "आतां वाट," असं म्हणायला ते हमखास विसरत. आई तशीच हात ओला धरून बसायची आणि मग शांतपणे म्हणायची, "इडली उद्यां खाल तुम्ही." त्या वर्षांत आमच्याकडे रविवारी इडलीऐवजी शिळ्या भातावर रसवांगीचा, म्हणजे डाळ-वांग्याचा, रस्सा ओतून खाल्ला गेला, त्याचं श्रेय पूर्णपणे कार्ब्युरेटरला आहे. रसवांगी मला अजून आवडते, पण ती पुढ्यात आली की पेट्रोलचा वास आठवतो.

ऐकणारा आणि चालवणारा एकच असला तर कान फसतो, असा अप्पांना शोध लागला तेव्हा चालवायला दुसरं माणूस हवं झालं. आम्ही दोघी बहिणी. पद्माक्काला तेलाचे डाग नको होते, म्हणून मी. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होते, आणि अप्पांच्या मते त्या विषयाचा निदान इतका तरी उपयोग व्हायला हरकत नव्हती. दावणी, म्हणजे परकर-पोलक्यावरची अर्धी साडी, कमरेला खोचून मी फटफटीवर बसायची, फर्स्ट गियर टाकायची आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून चालायला लागायची. चालायला हा शब्द मी विचार करून वापरते आहे, कारण अप्पा शेजारून पायी यायचे आणि त्यांना कधी घाई करावी लागली नाही. "मुठीला नुसतें बोट लाव, पिळूं नको. मागला ब्रेक जरासा दाबून धर. गाडी ब्रेकाला टेकूं दे, मग बोट लाव." गचका बसला की ते "हं" म्हणायचे. नाही बसला तर काहीच म्हणायचे नाहीत. ह्या पद्धतीने मी कौतुकाचा एकही शब्द न ऐकता बरीच तयार झाले.

मुलीच्या जातीने फटफटी चालवणं हे त्या काळी गावभर व्हायला पुरेसं होतं. पण आमच्या गल्लीत कोणी ब्र काढला नाही. सायकलवाले घंटी वाजवून आम्हाला ओलांडायचे, समोरच्या घरातल्या काकू देवळात जाताना आमच्यापुढे निघून जायच्या आणि वळून "येतें ग सगू" म्हणायच्या. पायी जाणाऱ्या बाईपेक्षा जे हळू जातं त्याला वाहन कोण म्हणणार, आणि त्यावर बसलेल्या मुलीला स्वैर तरी कोण म्हणणार. मी दोन वर्षं फटफटी चालवली आणि एकदाही सेकंड गियर टाकला नाही. टाकायला सांगितलं असतं तर टाकता आला नसता.

आता मी मुलाकडे पुण्यात असते. इथं आल्यावर पन्नाशीनंतर मी दुकानांच्या पाट्यांवरून देवनागरी वाचायला शिकले, आणि माझं बोलणं ऐकून भाजीवाली मला अजून "आजी, तुम्ही कुठल्या?" विचारते. नातवाने मध्यंतरी नवीन मोटारसायकल घेतली. तिच्यात कार्ब्युरेटर नाही, संगणक आहे, आणि ती सिग्नलला गचके मारते. तो मोबाइलवर अमेरिकेतल्या कोणा माणसाचे व्हिडिओ पाहतो, त्यात तो माणूस मागचा ब्रेक किंचित दाबून धरा असं गंभीरपणे सांगत असतो. मी म्हटलं, मला बसू दे एकदा. नातू इतका हसला की सून बाहेर आली.

तर माझी कॉलेजची परीक्षा झाली, मग शिक्षकीची परीक्षा झाली, आणि ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत माझी नेमणूक झाली. पद्माक्काचं लग्न ठरलेलंच होतं, आणि मला लग्नानंतरच्या सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की रात्री डोळे मिटले की मला खडूचा वास येई. अप्पांनी मात्र विचार करून नकार दिला, आणि अप्पांचा विचार करून दिलेला नकार भयंकर असे, कारण त्यात मुद्दे असत. सकाळची बस शाळेची प्रार्थना झाल्यावर पोचते, त्याआधीची बस इतकी लवकर की अंधारात घराबाहेर पडावं लागेल, आणि तिथं खोली घेऊन एकटीनं राहाणं हा तर विषयच नको. मी म्हटलं, "फटफटी आहे की." अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरातली समई विहिरीवर न्यायला मागितली. मग म्हणाले, "तुला फर्स्ट तेवढा येतो. ओरत्तनाडूला फर्स्टमध्यें जाशील तर पोंगलला पोचशील."

आई आतून म्हणाली, "शिकवलें नाहीं कोणी, म्हणून येत नाहीं."

"तुला काय कळतें त्यांतलें," अप्पा म्हणाले. त्या संध्याकाळी सारात मीठ नव्हतं. मी रडले, नंतर रागावले, आणि मग पद्माक्काच्या लग्नाची केळीची पानं पुसत बसले, कारण लग्नघरात रागावलेल्या माणसालाही काम सांगतात. माझी नोकरी त्या पानांच्या ढिगाखाली गेली असंच मी धरून चालले होते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला उघड्या मोटारीत बसवून देवळापासून मंडपापर्यंत मिरवत आणतात, त्याला आमच्याकडे जानवासम म्हणतात. आमच्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून येताना बरंच काही आणलं असेल, पण हे इथं आल्यावर शेजाऱ्यांचं पाहून उचललेलं, आणि म्हणूनच आम्हाला त्याचा शेजाऱ्यांपेक्षा जास्त अभिमान. मुलगा त्या दिवशी सूट घालतो. आयुष्यात एकदाच घालायचा असल्यामुळे तो कधी नीट बसत नाही. पुढे नादस्वर, म्हणजे आमची लांब सनई, आणि तविल हा ढोल. दुसऱ्या गावात वरातीसाठी वाजंत्री आणत असतील, तंजावरात वाजंत्र्यांसाठी वरात असते. प्रत्येक चौकात नादस्वरवाले थांबतात, जाणते लोक गोळा होतात, राग उलगडायला लागतो, आणि तो संपेपर्यंत नवऱ्या मुलानं आपल्या लग्नाला पोचायची घाई करायची नाही. विद्वानाला, म्हणजे मुख्य नादस्वरवाल्याला, "चला" म्हणणारा जावई आमच्याकडे अजून जन्मला नाही.

मोटार बाहेरगावची होती आणि ड्रायव्हरही. त्याला ही रीत माहीत नव्हती. विद्वान पावलापावलाने सरकत होते आणि तो बिचारा क्लच अर्धा दाबून, अर्धा सोडून त्यांच्यामागे रांगत होता. मी वरातीच्या शेपटाला फटफटी हाताने ढकलत आणत होते, कारण लग्नाच्या धावपळीसाठी ती मंडपात लागणार होती आणि चालू करून आणू नकोस असं अप्पांनी बजावलं होतं. मेल राजवीधी ह्या मोठ्या रस्त्याच्या पहिल्याच चौकात विद्वानांनी तोडी घेतली. तोडी लवकर संपणारा राग नव्हे. ती अर्ध्यात आली असेल नसेल, तोच जळका वास सुटला, मोटारीच्या खालून धूर निघाला, आणि तोडी संपून वरात पुढे निघाली तेव्हा मोटार जागची हलली नाही. ड्रायव्हर उतरला, खाली वाकून पाहिलं आणि टॉवेलने तोंड पुसत बाजूला उभा राहिला. त्याच्या उभं राहण्यावरून सगळ्यांना कळलं.

विहीणबाई कुंभकोणच्या. उंच, हिऱ्याच्या चमक्या, आणि आवाज कधी न चढवणाऱ्या. लोक मोटार ढकलायला पुढे झाले तेव्हा त्या म्हणाल्या, "ढकलून न्यायला माझा मुलगा काय धान्याचें पोतें आहे?" मग चालत नेऊ असं कोणी सुचवलं. "आमच्या घरांत कोणी पायीं लग्नाला गेलें नाहीं." सायकलरिक्षाचं नाव काढणाऱ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. तोवर नवऱ्या मुलाची, म्हणजे आमच्या भावोजींची, नजर माझ्यावर आणि फटफटीवर गेली. भावोजी बँकेत होते आणि तोपर्यंत आमच्यापैकी कोणी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. ते गळ्यातल्या जाडजूड हारातून म्हणाले, "मी ह्यावर बसतों की, अम्मा."

तिरुच्चीचे आमचे मामा लगेच पुढे झाले. ते फटफटीवाले म्हणून घराण्यात प्रसिद्ध. भावोजी मागे बसले, गॅसबत्त्यांचे वाहक दोन्ही अंगांना उभे राहिले, आणि मामांनी सवयीप्रमाणे मूठ पिळली. फटफटीला असं कोणी कधी वागवलं नव्हतं. ती उडाली. भावोजी मागे सरकले, त्यांचं पागोटं रस्त्यावर पडलं, आणि मागच्या माणसांनी त्यांना खांद्याला धरून सावरलं म्हणून ते पागोट्यामागून गेले नाहीत. नादस्वर थांबलं. आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगा रस्त्यात उताणा पडता पडता वाचणं म्हणजे काय, ते शास्त्र्यांना विचारायची गरज नव्हती. विहीणबाईंनी पागोटं उचललं, झटकलं, मुलाच्या डोक्यावर ठेवलं आणि पूर्वीच्याच आवाजात म्हणाल्या, "पुन्हां असें झालें तर लग्न इथेंच थांबलें, सांगून ठेवतें." पद्माक्का मंडपात नटून बसलेली होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

अप्पा पुढे आले. नेसलेली वेष्टी लुंगीसारखी वर दुमडली, मूठ धरली, तेवढ्यात शास्त्री म्हणाले, "तुम्ही चालवलेलें नाहीं चालायचें. उद्यां त्याचे पाय धुणार तुम्ही, आज त्याचे सारथी कसे व्हाल?"

"कृष्ण नव्हता झाला अर्जुनाचा सारथी?" मामा म्हणाले. त्यांना कुठेतरी भरपाई करायची होती.

"कृष्ण सासरा नव्हता," शास्त्री म्हणाले. "मेहुणा होता. बायकोचा भाऊ चालतो."

आम्हाला भाऊ नव्हता. सगळे जण क्षणभर त्या उणिवेचा विचार करत उभे राहिले, आणि अप्पांनीही केला असावा. मग त्यांनी फटफटी माझ्याकडे वळवली. "मेहुणी आहे," ते म्हणाले. शास्त्र्यांनी तोंड उघडलं, पण आपणच घालून दिलेल्या वाटेवर अडखळायला जागा नव्हती, म्हणून मिटलं. विहीणबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ही चालवते?" त्यांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "हळू चालवते." आयुष्यभर थांबलेल्या माणसाला ते वाक्य अखेर योग्य ठिकाणी म्हणायला मिळालं, पण त्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी नऊवारी नव्हे, लग्नासाठी घेतलेलं कडक रेशमी पातळ नेसलेली होते. ते आवळून खोचलं आणि बसले. भावोजी मागे बसून हळूच म्हणाले, "मी कुठें धरूं?" होणाऱ्या मेहुणीला धरता येत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी सीटचा पट्टा सांगितला, पण त्यांनी दोन्ही हातांनी आपला हारच धरला. म्हणजे एक गचका, आणि सगळं संपलं. मी फर्स्ट टाकला. मागचा ब्रेक जरासा दाबला, गाडी त्याला टेकली, आणि मुठीला बोट लावलं. फटफटी निघाली ते भावोजींना कळलंच नाही. ते अजून निघायची वाट पाहत असताना आम्ही चौक ओलांडला होता.

पुढचा रस्ता किती वेळ चालला ते मी सांगू शकत नाही. विद्वानांनी एकदा वळून पाहिलं, आणि मागे नेमकं काय चालून येतं आहे याची त्यांना उत्सुकता वाटली असावी, कारण ते आमच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत वाजवायला लागले. त्यामुळे वेग आणखीच उतरला. माझा डावा हात क्लचवर भरून आला, टाचेपर्यंत घाम उतरला. अप्पा शेजारून चालत होते, आमच्या गल्लीत चालायचे तसेच, फक्त आज त्यांच्याबरोबर दोनशे माणसं होती. एक चौक, त्यात कल्याणी. दुसरा चौक, त्यात आणखी काहीतरी, ते मला ऐकू आलं नाही. प्रत्येक चौकात मी पाय टेकून उभी राहिले आणि प्रत्येक चौकातून गचका न बसता उठले. पुढे गावात असं बोललं गेलं की इंजिन तविलाच्या तालात वाजत होतं. तसं काहीही झालं नाही. मला त्या वेळी ताल नव्हता, फक्त भीती होती. मंडपाच्या दारात भावोजी उतरले आणि मला "थँक्स" म्हणाले. अप्पा "हं"सुद्धा म्हणाले नाहीत. मी तेवढ्यावर समजले.

पण गोष्ट तिथं संपली नाही. वऱ्हाडी लोक कापी प्यायला बसले तेव्हा विहीणबाईंनी अप्पांना बोलावलं. मी खांबाआडून फराळाची ताटं मोजत होते, म्हणजे ऐकत होते.

"धाकटी काय करते?" त्यांनी विचारलं.

"शाळेत नेमणूक झाली आहे. ओरत्तनाडूला."

"जाते कशी?"

अप्पांनी कापीचा पेला उचलला. त्यांचे सगळे मुद्दे त्यांच्यापाशी तयार होते, पण त्यातला एकही तिथं काढण्यासारखा नव्हता. ज्या फटफटीवर, ज्या मुलीच्या मागे विहीणबाईंचा एकुलता एक मुलगा आत्ताच बसून आला होता, तिच्यावर मी माझ्या मुलीला पाठवत नाही, ती सुरक्षित नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार? सांगितलं असतं तर उद्याचं लग्न पुन्हा धोक्यात. अप्पांनी कापीचा घोट घेतला, तो त्यांना गरम लागला, आणि ते म्हणाले, "फटफटीनें जाणार की. सोमवारपासून." पलीकडे आई वाढत होती. तिनं काहीच न ऐकल्यासारखं करून अप्पांच्या पानात आणखी एक गोड पोळी वाढली.

अप्पांनी शब्द फिरवला नाही, कारण विहीणबाईंना दिलेला शब्द फिरवता येत नाही. रविवारी राजवाड्याच्या पटांगणात त्यांनी मला सेकंड टाकायला शिकवलं. थर्डचं विचारलं तेव्हा म्हणाले, "तसाच. आणखी एकदां." सोमवारी सकाळी ते गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्या शेजारून चालत आले, नेहमीप्रमाणे. तिथून मोठा रस्ता सुरू होतो. मी सेकंड टाकला, तो जोरात गचका देऊन बसला, आणि अप्पा मागे राहिले. मी वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहायला अजून येत नव्हतं.

पुदु आरु नावाचा कालवा ओलांडला की रस्ता सरळ होतो. दोन्ही बाजूंना भातशेती, मध्येच नारळाची बाग, डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेल्या बाया. मी थर्ड टाकला. मूठ पहिल्यांदा नखभराच्या पुढे उघडली. पदर सुटून फडफडायला लागला, डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने आलं की कशाने ते मी ठरवायला गेले नाही. मागून येणारी बस मला ओलांडू शकली नाही आणि कंडक्टर दारात लोंबकळून पाहत राहिला. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने हसत होते, एकटी, भररस्त्यात. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थनेला अजून वेळ होता, आणि शिपायानं विचारलं, "कोणाला भेटायचं आहे?"

संध्याकाळी परत आले तेव्हा अप्पा तिण्णैवर बसले होते. मला वाटलं, शाळेचं विचारतील, मुलींचं, मुख्याध्यापिकेचं. मी सांगायची सगळी तयारी करून आले होते. ते उठून फटफटीपाशी गेले, चेनला बोट लावून पाहिलं, इंजिनावर हाताचा मागचा भाग धरून ते किती तापलंय ते पाहिलं, कापडानं टाकीवरची धूळ पुसली. मग आत आई ऐकत नाही ना, ते वळून पाहिलं.

"सगू," ते म्हणाले, "थर्डांत घातलीस?"

"घातली."

"कशी जाते ग?"

मला आधी वाटलं परीक्षा घेतायत. मी एडुप्पुचं, गचक्याचं उत्तर जुळवायला लागले, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते उत्तर तपासायला उभे नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं कचेरी, देऊळ, बाजार आणि आमची गल्ली, ह्या सगळ्याला सेकंड पुरत होता, आणि त्यापुढची फटफटी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांची फार माया आली, आणि वाईटही वाटलं.

"सांगून नाहीं कळणार, अप्पा," मी म्हटलं. "बसा मागें."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, उजेड किती उरलाय ते पाहिलं. मग आत गेले आणि अंगात सदरा घालून बाहेर आले.